कंट्रोलर गोताडांचा नॉमिनी

शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो. त्याच्या पाच मिनिटं आधी विश्राम गोताड साळवी स्टॉपजवळच्या माझ्या ऑफिसच्या दारात येतात, डावा हात कानावर ठेवतात आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "बाजाराची गाडी फलाटाला लागत आहे. ज्यांना घ्यायचं त्यांनी घ्यावं, ज्यांना विकायचं त्यांनी विकावं. दारात गर्दी करू नये."

त्या वेळी दारात ते एकटेच असतात.

गोताड तीस वर्षं रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. मूळचे लांज्याकडचे. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर जवळच्या नाचणे गावात एक खोली घेतली आणि कसे कोण जाणे, माझी पाटी वाचून आत आले. मी म्युच्युअल फंडाचा एजंट. "तुमचा आणि माझा धंदा एकच," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "लोक येणार, गाडी कधी पोचणार म्हणून विचारणार, आणि आपल्याला ठाऊक नसणार. फक्त आवाज ठाम पाहिजे."

तेव्हापासून रोज येतात. स्वतः दमडी गुंतवत नाहीत. गावभरचे प्रश्न मात्र गोळा करून आणतात. लग्नामुंजीच्या जुन्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या तुकड्यांवर ते लिहिलेले असतात, आणि प्रत्येकाला मी उत्तर दिलंच पाहिजे असा त्यांचा दंडक.

"मिरकरवाड्याची हलिमाबी विचारते, बाजार पडला की पैसे जातात कुठे? पडले म्हणजे कोणीतरी उचलले असतीलच ना?"

"परटवण्याचे एक गुरुजी विचारतात, फंड मॅनेजर स्वतःचे पैसे कुठे ठेवतो? बँकेत ठेवत असेल तर आम्ही पण तिथंच ठेवतो."

"आमचा केस कापणारा विचारतो, लार्ज कॅप, स्मॉल कॅप. ही टोप्यांची मापं घेतो कोण?"

मी उत्तर देतो. ते पत्रिकेच्या तुकड्यावर लिहून घेतात आणि संध्याकाळपर्यंत ज्याचं त्याला पोचवतात. वाटेत उत्तराचं काय होतं देव जाणे. हलिमाबीने मला एकदा बाजारात अडवून विचारलं, "पैसे डेपोत जमा असतात म्हणालात, तर पावती कोण देतो?"

टीव्हीवरच्या तज्ज्ञांवर गोताडांचा विश्वास नाही. कारण ते "शक्यता आहे" म्हणतात. "मी जर स्टँडवर सांगितलं असतं, की देवरुख गाडी सुटण्याची शक्यता आहे, तर लोकांनी मला खिडकीतून ओढून काढला असता."

मागच्या पावसाळ्यानंतर एक दिवस बाजार असा कोसळला, की दुपारच्या आत माझ्या ऑफिसात पंधरा माणसं उभी. सगळ्यांचं एकच, "काढा आमचे पैसे!" मी थांबा म्हणतोय, कोणी ऐकत नाही. एका बागायतदाराने तर माझा कॉम्प्युटर स्वतःकडे वळवून घेतला. तेवढ्यात गोताड स्टुलावर चढले. हात कानावर गेला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! बाजाराची गाडी घाटात बंद पडलेली आहे. गाडी पंक्चर आहे, रद्द नाही. कोणीही खाली उतरून चालत जाऊ नये. सामान जागेवर ठेवावं. चहा घ्यावा. गाडी सुटण्यापूर्वी सूचना देण्यात येईल."

काय सांगू, पंधराच्या पंधरा माणसं गप्प झाली. स्टँडवर उभं राहून राहून कोकणातल्या माणसाच्या अंगात ही आज्ञा मुरलेली आहे. निम्मे खरोखर चहाला गेले. पण तो बागायतदार वस्ताद. त्याने विचारलं, "कंट्रोलर, तुमचे किती आहेत हो या गाडीत?"

गोताड स्टुलावरच उभे राहिले. "कंट्रोलर गाडीत बसत नाही," ते म्हणाले. पण आवाज ठाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घोषणा केली नाही. सरळ आत येऊन समोर बसले. "एक फॉर्म काढा. दरमहा पाचशे. मला गाडीत बसवा."

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, बँक, सगळं झालं. नॉमिनीच्या रकान्याशी गाडी अडली.

"हे काय असतं?"

"तुमच्या पश्चात पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव."

त्यांनी बोटं मोजून पाहिली. भाऊ नाही, पुतण्या नाही. मी म्हटलं, "कोणी नको असेल तर तशी सही करता येते."

"बेवारस सामान?" ते एकदम चिडले. "एजंटसाहेब, तीस वर्षं मी एक पिशवी बेवारस राहू दिली नाही स्टँडवर!"

आठ दिवस फॉर्म तसाच पडला. आठ दिवस प्रश्नही नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पत्रिकेचा तुकडा ठेवला. त्यावर लिहिलेलं: सुनंदा सिस्टर, पूर्णगड.

"नातं काय लिहू?"

"प्रवासी."

"असं नातं फॉर्मात नाही हो. 'इतर' लिहू?"

"इतर नको," ते पटकन म्हणाले.

मग हळूहळू कळलं. सिस्टर रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. भावांचे संसार उभे करता करता स्वतःचं राहून गेलं. बावीस वर्षं संध्याकाळी खिडकीशी येऊन विचारायच्या, पूर्णगड गाडी कधी? "दिवसाला हजार माणसं मला गाडी विचारायची. एकदा गणपतीची गर्दी होती, आणि ह्या बाईंनी विचारलं, कंट्रोलर, जेवलात काय?" त्यांनी पत्रिकेचा तुकडा बोटाने सरळ केला. "मी सांगितलं, सव्वासहाला सुटेल."

नॉमिनीच्या आधारचे शेवटचे चार आकडे लागतात. म्हणजे विचारायला जाणं आलं. रविवारी पूर्णगडला जायला मी त्यांना स्कूटरवर घेतलं. इस्त्रीचा शर्ट, पायांत नव्या चपला, खिशात प्रश्न लिहिलेला तुकडा. भाट्याचा पूल ओलांडल्यापासून पावस गावापर्यंत ते मला चार वेळा म्हणाले, "परत फिरू या काय? उशीर होईल." सकाळचे दहा वाजले होते.

सिस्टर अंगणात कुळीथ पाखडत होत्या. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, खणखणीत बाई. बघताक्षणी म्हणाल्या, "अगो बाई, कंट्रोलर! तुम्ही स्टँड सोडून कुठे जाता असं वाटलं नव्हतं."

गोताडांनी तुकडा काढला आणि वाचून दाखवला. "आपल्या आधारकार्डाचे शेवटचे चार आकडे कोणते?"

"कशाला?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी नॉमिनी समजावलं. सिस्टरनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे हे गेल्यावर पैसे मला."

"होय," मी म्हटलं.

"आणि तोवर?"

गोताडांनी तुकडा उलटा करून बघितला. मागे कोणाच्या तरी मुंजीचा मुहूर्त होता. मग ते परत माझ्याकडे बघायला लागले.

"हे माझ्या विषयात येत नाही," मी म्हटलं आणि खाडीवर होड्या बघायला निघून गेलो. चांगला तासभर बघितल्या. तिथे दोनच होत्या.

परत आलो तेव्हा चहाच्या कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. तुकड्यावर चार आकडे बाईंच्या अक्षरात होते. गोताडांच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता.

"कुळथाचं पीठ आहे," सिस्टर मला म्हणाल्या. "यांना खाण्याची शुद्ध नाही. डबा मात्र परत हवा हां. सेटातला आहे."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. गोळप गाव मागे पडलं. भाट्याच्या समुद्राचा वारा लागला तेव्हा मागून आवाज आला.

"एजंटसाहेब, मी काय उत्तर दिलं ते ऐकलंत?"

"नाही. मी खाडीवर होतो."

"बरं झालं."

थोडं अंतर गेलं. मग पुन्हा, "डबा केव्हा परत करायचा असतो?"

"रिकामा झाला की."

आरशात बघितलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि झाकण किंचित उघडून पीठ कुठवर आहे ते बघत होते.

"भरपूर दिलंय हो," ते काळजीने म्हणाले. "आजपासून दोन्ही वेळेला पिठीच करतो."