कुठेही उघड, केवढीही उघड

पगारे माणसाला आधी नमस्कार करत नसत. आधी त्याच्या कॉम्प्युटरच्या काचेवर शिंप्याची टेप लावत. "डावीकडून दोन इंच. चूक!" असं पुटपुटून मग विचारत, "काय मॅडम, चहा झाला?"

नाशिक रोडला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं ऑफिस होतं. मी तक्रारींचे फोन घ्यायची, पगारे दुरुस्ती करायचे. उरलेल्या वेळात, आणि मालक बाहेर गेले की तो भरपूर उरायचा, ते एक फुकटचं काम करत. विंडोजचे प्रोग्राम लिनक्स या मोफत मिळणाऱ्या सिस्टीमवर चालावेत म्हणून देशोदेशीचे हौशी लोक मिळून मधला एक थर लिहीत होते. त्यात पगाऱ्यांनी पकडलं होतं एवढंच, की प्रोग्रामची नवी खिडकी पडद्यावर कुठे उघडावी आणि केवढी.

"बरेच प्रोग्राम सांगतात, कुठेही उघड, केवढीही उघड, तुझं तू बघ," ते समजावत. "आणि मॅडम, सांगितलं नाही म्हणजे सोपवलं!"

हे त्यांचं पालुपद. मी एकदा सहज म्हटलं, "उद्या माझ्यासाठी डब्यात काहीही आणा." गडी तीन भाज्या घेऊन हजर! "सोपवलंत ना?" तिन्ही स्वतः केलेल्या आणि तिन्ही अळणी.

पण त्या मधल्या थरात ती सोपवलेली खिडकी कोपऱ्यात चिमूटभर उघडायची. पगारे सहा महिने त्यामागे हात धुऊन लागले होते. त्या हौशी मंडळींकडे दोनदा दुरुस्ती पाठवली, दोनदा परत आली. शेवटी मी वैतागले. "अहो, माउसनं ओढून मोठी करा की! हात मोडलेत का?"

ते चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "वडील टायपिस्ट होते. आता हात थरथरतात. पेन धरवत नाही. बटणं कशीबशी दाबतात, पण माउस धरून ओढणं नाही जमत. त्यांचा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम विंडोजचा, आणि चोरीचं विंडोज मी घरात ठेवत नाही."

"मग तुम्ही द्या ना ओढून!"

"नागपूरला माझ्या बहिणीला पत्र लिहायचं असतं त्यांना. ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन उपयोगाचा नाही. आत्ता ते सांगतात, मी लिहितो. प्रत्येक पत्रात 'आम्ही मजेत आहोत.'" पगारे टेप गुंडाळत राहिले. "मीच लिहून घेणार, तर ते माझी तक्रार कशी करणार, मॅडम?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्यांदा पाठवलेली दुरुस्ती घेतली गेली. आठवड्याभरानं पगाऱ्यांनी वडिलांनी दिलेलं एक बंद पाकीट पोस्टात टाकलं. उघडून पाहिलं नाही, उजेडातही धरलं नाही.

चार-पाच दिवसांनी ऑफिसचा फोन वाजला. "दादाला द्या जरा!" मी फोन पगाऱ्यांकडे दिला. बहिणीचा आवाज असा, की मला माझ्या खुर्चीवरून ऐकू येत होतं. "बाबांना रोज अळणी घालतोस? डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, बंद नाही! आणि त्यांचं ताट टेपनं मोजून ठेवतोस म्हणे? वेडा आहेस का तू?"

"हो गं. हो. चुकलं माझं," पगारे म्हणत होते.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, आणि चेहरा पोरगं पास झाल्यासारखा.

"दोन पानं, मॅडम! माझ्याविरुद्ध अख्खी दोन पानं लिहिलीत त्यांनी!"