एकविसावी पत्री

सुलेखा आंघोळ करून बाहेर आली तेव्हा गणपतीची पूजा आटोपली होती, आणि १८९३ साली खुडलेली हॉथॉर्नची डहाळी बाप्पाच्या डोक्यावर विराजमान होती.

ती जागच्या जागी थिजली. कोलंबसच्या युनिव्हर्सिटीत वाळवलेल्या झाडपाल्याचा संग्रह होता, तिथे ती नोंदी टाइप करायची. हॉथॉर्न हे ओहायोचंच काटेरी रानझाड. त्यातल्या एका जातीचा हा एकुलता एक नमुना शहाण्णव वर्षं वर्तमानपत्राच्या घडीत निवांत पडला होता. लाँग वीकेंडला घरी नोंद टाइप करते, असं सांगून तिनं तो आणला होता. "याला काही झालं तर मंगळवारी येऊच नकोस," असं डॉ. हॅलोरनबाई हसत म्हणाल्या होत्या. हसत, पण म्हणाल्या होत्या.

"आई, ही डहाळी..."

"टेबलावर पेपरात तूच ठेवली होतीस ना?" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "वीस पत्री बॅकयार्डातून कशाबशा जमवल्या. एकविसावी शमी काही मिळेना. हिला काटे दिसले, जीव भांड्यात पडला."

वाळकी पत्री देवाला कशी वाहायची, म्हणून त्यांनी ती कोमट पाण्यात भिजवली होती. तिच्यावरच्या एकुलत्या वाळक्या फुलावर कुंकूही वाहिलं होतं. आणि आता उत्तरपूजेआधी तिला हात लावायचा नव्हता.

प्रतापनं बायकोचा चेहरा पाहून तोडगा काढला. "पार्कातल्या हॉथॉर्नची दुसरी पेपरात ठेव ना, यार. कुणाला कळतंय?"

"ते झाड मेमध्ये फुलतं. सप्टेंबरात फूल तू उमलवणार आहेस का?"

मंगळवारी पहाटे घाईघाईनं उत्तरपूजा उरकली आणि सुलेखा ओली डहाळी घेऊन ऑफिसात गेली. रडायचं नाही एवढंच ठरवलं होतं. पण तिनं तोंड उघडण्याआधीच बाईंनी फूल भिंगाखाली धरलं, आणि त्याच ओरडल्या.

"केसरांची टोकं लाल आहेत. नोंदीत पिवळी लिहिलीत. सुलेखा, ही नवीन जात आहे."

त्यांचा हात फोनकडे गेला. गप्प बसलं तर नोकरी राहणार होती, वर शाबासकीही.

"ते कुंकू आहे," सुलेखा म्हणाली, आणि बाप्पापासून कोमट पाण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

बाईंनी फोनवरचा हात काढला. ओल्या ब्रशनं कुंकू पुसू लागल्या, मोजू लागल्या, पुन्हा मोजू लागल्या. भिजल्यामुळे फूल इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच नीट उघडलं होतं. नोंदीत केसर दहा होते. फुलात वीस होते. केसरांच्या संख्येवरून जात ठरते, म्हणजे जातीचं नावच चुकलं होतं, आणि हे जीर्ण फूल भिजवायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती.

"सासूबाईंचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

दुरुस्तीच्या चिठ्ठीवर लिहिलं गेलं: फूल भिजवून उघडलं, मीनाक्षी देवधर, डब्लिन, ओहायो. कुंकवाचीही नोंद झाली.

संध्याकाळी सुलेखानं ही बातमी धावत येऊन सांगितली. सासूबाईंच्या हातातलं मोदकाचं ताट तसंच राहिलं. चेहरा पांढराफटक.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "ती शमी नव्हती?"