शून्य, एक, दोन, चार

टेबलावर चार कवळ्या होत्या, चार पांढऱ्या डब्या होत्या आणि डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या शून्य. चिठ्ठ्या बादलीत तरंगत होत्या. वृद्धाश्रमातल्या नव्या सेविकेने कामाच्या तिसऱ्याच दिवशी, स्वच्छतेच्या भरात, सगळ्या डब्या गरम पाण्यात घातल्या होत्या.

ती संख्याशास्त्राची पदवीधर. घाबरण्याआधी तिने हिशेब केला. चार कवळ्या चार माणसांत वाटण्याचे प्रकार चोवीस. बरोबर माणसाकडे पोचलेल्या कवळ्यांची संख्या म्हणजे 'क्ष'. चारही बरोबर : चोवीसात एक. निदान एक बरोबर : चोवीसात पंधरा. पंधरा निघाल्यावर जिवाला जरा बरं वाटलं. तिने डोळे मिटून चार खोल्यांत चार डब्या ठेवल्या.

नाश्त्याला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कवळ्या ठीक ना?"

"झकास!" जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान म्हणाले.

"एकदम फिट्ट," पोस्टमन आजोबा म्हणाले.

"माझीच आहे गं, विचारतेस काय?" शिवणवाल्या आजी म्हणाल्या.

तेवढ्यात गाणाऱ्या बाई तोंडावर पदर धरून आल्या. "पोरी, ही माझी नव्हे! 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. चार वाजता माझं गाणं आहे, वीस वर्षांनी. लेक येतेय ऐकायला. आणि पहिलाच शब्द 'सख्या'!"

शिट्टी सर्वांनी ऐकली.

सेविका थबकली. तिघांना आपापली मिळाली असेल, तर उरलेली चौथी चौथ्याचीच असणार. क्ष शून्य होतो, एक होतो, दोन होतो, चार होतो. तीन कधीच होत नाही.

"तुम्हा तिघांपैकी कुणीतरी थापा मारतंय," ती म्हणाली.

"माझ्या दातांवर संशय?" कप्तानांनी सफरचंदाचा कर्रकन तुकडा तोडला.

"कप्तान," पोस्टमन आजोबा म्हणाले, "तुम्ही सहा वर्षं सफरचंद किसून खाताय."

कप्तान चघळायचे थांबले. "देणार नाही. सहा वर्षांनी हा आवाज ऐकला मी."

"अहो, माझी लेक येतेय हो!"

कप्तानांनी सफरचंदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि ते बेसिनकडे गेले. स्वच्छ धुतलेली कवळी बाईंनी बसवली. "सख्या..."

शिट्टी. आधीपेक्षा वरच्या पट्टीत.

"हीही नाही!"

पोस्टमन आजोबा खाकरले. "म्हणजे... माझीही जरा जास्तच छान बसली होती."

"मग मी एकटीच कशाला गप्प बसू?" शिवणवाल्या आजी फणकारल्या. "सकाळी दातांनी दोरा तोडला मी. दहा वर्षांनी!"

सेविकेने बोटांवर मोजलं. बाईंची चुकली म्हटल्यावर प्रकार उरतात अठरा, आणि त्यांतल्या नऊंमध्ये कुणालाच आपली मिळत नाही. निम्मी शक्यता होती, आणि हे तिला आत्ता सुचत होतं.

बेसिनपुढे रांग लागली. धुणं, बसवणं, "सख्या" म्हणणं, पुन्हा धुणं. कप्तान हसून हसून खुर्चीत बसले. पोस्टमन आजोबा टपाल वाटावं तशा डब्या वाटत होते.

चार वाजून तीन मिनिटांनी बाईंनी सूर लावला. 'सख्या' स्वच्छ उमटला, आणि पहिल्या रांगेतल्या लेकीने डोळे पुसले.

त्या दिवसाची नोंद : आपापल्या तोंडात पोचलेल्या कवळ्या चार. तक्रारी तीन.