तात्यांचं सोलापुरी पाणी

आमच्या शेजारचे तात्या पुण्याला निघाले की सोलापूरचं पाणी कॅनमध्ये भरून नेतात. ज्या गावात नळाला पाणी आलं की माणसं अर्ध्या जेवणावरून उठून घागरी घेऊन पळतात, त्या गावातून पुण्याला पाण्याची निर्यात! विचारलं तर म्हणतात, "पुण्याच्या पाण्याला चव हाय का? निस्तं ओलं आसतंय!"

खरं कारण निराळं. तात्यांची एकुलती एक लेक सुमन पुण्यात दिलेली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही जुनी रीत. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, वारताना ती पाळायचा शब्द घेतला. मूल काही झालं नाही आणि तात्यांची कॅन काही सुटली नाही.

परवा माझ्या गाडीतून आम्ही दोघं गेलो. सुमननं पुरणपोळी केली होती. तात्यांनी तिच्याच सोफ्यावर बसून फडकं सोडलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, वर कॅन तोंडाला लावली. सुमन म्हणाली, "दरवेळी असंच करा तात्या. म्हणजे मला मूल नाही हे माझ्या ध्यानात राहील." आणि आत निघून गेली.

तात्या उठलेच. "चल, पर्वती बघू की!" पर्वती तिच्या घरामागंच.

वर भर दुपारीही ही गर्दी. पोरंपोरी सेल्फी काढतायत. तात्यांनी कठड्याला रेलून एका अनोळखी जोडप्याला पुणं समजावून द्यायला घेतलं. "लई दाटी केलीया. आमच्याकडं सगळं सपाट, काय हुडकायला लागत न्हाय. आणि ऊन म्हंताय ह्याला? आमच्याकडं ह्याला चांदणं म्हंत्यात!" जोडपं हसून हसून बेजार. मग भेळ झाली, त्यावर दोन ग्लास ताक.

"तात्या, ताक पुण्याच्याच पाण्याचं की हो," मी चिमटा काढला.

"रीत ताकवाल्याला न्हाय रं, लेकीला हाय." ते खाली बघत होते. "ती लाल चादर वाळत घातलीया न्हवं, तेच सुमीचं घर. चादर मीच दिल्याली, लग्नात." मग म्हणाले, "मला काय तिच्या हातचं नको वाटतंय व्हय? पण गेलेल्या माणसाला दिलेला शब्द कसा मोडायचा?"

"मोडू नका!"

मागं सुमन धापा टाकत उभी. हातात डबा आणि पाण्याची बाटली. "ही टेकडी काही माझं घर नाही. बसा आता."

तात्यांनी तिथंच मांडी घातली, बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. पुरणपोळीचा पहिला घास गेला आणि सत्तरीचा माणूस चारचौघांत ढसाढसा रडला. सुमनही रडली. मीही रडलो, त्यात लाजायचं काय!

"आता आईला काय सांगाल?" सुमननं नाक पुसत विचारलं.

"सांगीन, डोंगरावर लई तहान लागली हुती."

मग त्यांनी आपली कॅन उघडली आणि उरलेलं सोलापूरचं पाणी तिच्या रिकाम्या बाटलीत ओतलं.

"घे, तूबी पी. माहेरचं हाय."