एकोणीस चिपांपुढे सत्तेचाळीस

कापसातली सरकी काढणारं जिन-यंत्र चालू-बंद करणारं माझ्याइतकं पक्कं सर्किट सगळ्या जळगावात कोणी बनवलं नाही. हे मीच सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला ते समजतच नव्हतं. दार आणि घंटी धरून बारा बटणं, सत्तेचाळीस चिपा आणि तारांचा असा गुंता, की आत शिरलेला उंदीर पत्ता विचारत बाहेर येई!

शहाण्णव साली जिनचे मालक गौतमचंद शेटनी पुण्यात शिकलेल्या इंजिनियर कुंदाबाईंना नेमलं. त्यांनी तेच काम एकोणीस चिपांत बसवलं.

शेट म्हणाले, "नाना, दोन्ही एकसारखी चालतात असं सिद्ध झालं, की हिचं बसवू. तुम्ही घरी आराम करा."

आराम म्हणजे घरी भाजी निवडणं.

"फरक निघणारच," मी म्हणालो. "बारा बटणांच्या चार हजार शहाण्णव जुळण्या होतात. तपासा एकेक. मी तोवर आहेच."

"एकेक कशाला?" कुंदाबाई म्हणाल्या. "प्रोग्रामला एवढंच विचारायचं, दोघांचं उत्तर वेगळं येईल अशी एक तरी जुळणी आहे का? असली तर तो दाखवील. नसली तर नाही, हे सिद्ध करील."

भरिताची वांगी घेणारी बाई टोपली उलटी करत नाही, थेट किडक्यावर बोट ठेवते. त्या संगणकानेही चहा निवायच्या आत एक जुळणी काढली.

"बघा शेट," मी छाती फुगवली. "माझ्यासारखं हिचं चालत नाही."

कुंदाबाईंनी पडद्यावरचं वाचलं, "यंत्राचं दार उघडं, बंद करायचं लाल बटण दाबलेलं, घंटीचं बटण दाबलेलं. माझं बंद राहतं. नानांचं चालू होतं."

यंत्रावरच्या हिलालने लगेच करून पाहिलं. आतला कापूस ओढणारा रूळ गरगरला.

"नाना, दार उघडं शे आनि हाई फिरी ऱ्हायनं," तो शांतपणे म्हणाला. "मी रोज यामा हात घालस."

शेटनी मला कोपऱ्यात घेतलं. सांगावं लागलं. दसऱ्याच्या पूजेला शेटाणी सायरबाई यंत्रावरची घंटी वाजवतात, तेव्हा उघड्या दारातून रूळ आपोआप फिरताना दिसावा म्हणून मीच एक तार गुपचूप जोडली होती. दैवी चमत्कार म्हणून.

दहा वर्षं त्या रुळाला शेटही हात जोडत होते.

"हे घरात कळता कामा नये," एवढंच बोलले.

कुंदाबाईंचं सर्किट बसलं. मी मात्र दर दसऱ्याला कामावर असतो. वीज तोडून, यंत्रामागे वाकून रूळ हाताने फिरवतो.

परवा सायरबाई पुढून म्हणाल्या, "यंदा देवाला दम लागतोय वाटतं."