चौतीस वेळा ‘उत्तम चालते’

सांभाळ मंडळाच्या शेडमध्ये एक्केचाळीस गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या चाळीस गाड्यांना ससोबा नुसता भीत असे. एक्केचाळिसावीपुढे मात्र त्याची पाचावर धारण बसायची.

मंडळ ही काही नफा कमावणारी संस्था नव्हती. कुणाला लांबच्या इस्पितळात महिनोन् महिने पडून राहावं लागे, कुणाची नोकरी जहाजावर असे, कुणाला आजारी आईकडे अचानक मुक्काम हलवावा लागे. अशा लोकांच्या गाड्या मंडळ फुकट सांभाळायचं. चार सज्जनांनी एकत्र येऊन बाटल्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड मिळवली होती आणि दारावर पाटी लावली होती, ‘तुम्ही निर्धास्त राहा’. त्या पाटीखाली दिवसभर बसणारा पगारी माणूस एकच, तो म्हणजे ससोबा, आणि निर्धास्त राहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याची ही चौथी नोकरी. आधीच्या तिन्ही त्याने भिऊनच सोडल्या होत्या.

मंडळाचा नियम असा, की दर गुरुवारी प्रत्येक गाडी दहा मिनिटं सुरू करायची आणि रजिस्टरात नोंद करायची. ससोबाने नोंद केली की तिच्याखाली चिटणीस ‘समक्ष पाहिले’ म्हणून सही करत. महिन्याच्या शेवटी मालकाला पत्र जाई. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ससोबाने गिअरमध्ये असलेली एक गाडी सुरू केली होती आणि तिने उडी मारून चिटणिसांची खुर्ची भिंतीला चेपली होती. खुर्चीत चिटणीस नव्हते, कारण ते फक्त मंगळवारी येत. तेव्हापासून ससोबा गाडीत बसतच नसे. बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून, गिअर तीनदा चाचपून, डोळे मिटून तो किल्ली फिरवी. चाळीस गाड्या अशा रीतीने व्यवस्थित चालू राहिल्या होत्या.

एक्केचाळिसावी गाडी बाईंची होती. बाई म्हणजे ससोबाच्या शाळेतल्या शिक्षिका, पुढे तिथेच मुख्याध्यापिका झाल्या. विज्ञान शिकवायच्या. ‘ससोबा’ हे नाव त्यांनीच ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं, की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. चार वर्षांत बाईंनी त्याला पट्टी पुष्कळदा दिली, शाबासकी एकदाही नाही. बाई निवृत्त झाल्या तेव्हा लेकीने त्यांना ही निळी गाडी भेट दिली. पुढच्याच महिन्यात गुडघे दुखतात म्हणून बाईंनी ती मंडळात आणून ठेवली. आणली शेजाऱ्याने. बाई मागच्या सीटवर बसून त्याला सूचना देत होत्या.

ससोबा आत फॉर्म भरत होता तोवर बाईंनी गाडीतलं सामान काढलं. त्यांची कापडी पिशवी टॅक्सीपर्यंत ससोबानेच नेली. तिच्यापायी त्याचा खांदा तीन दिवस दुखला.

“बाई, यात काय आहे?” त्याने धापा टाकत विचारलं होतं.

“जड विषय आहे. तुला तेव्हाही पेलला नव्हता.”

सगळं सामान काढलं, पण एक वस्तू गाडीत राहिली. डॅशबोर्डवर ती लाकडी पट्टी होती. तीच, कोपऱ्यावर शाईचा डाग असलेली. पहिल्या गुरुवारी ससोबाने खिडकीतून हात घातला, पट्टी पाहिली, आणि हात आपोआप मागे आला. दुसऱ्यांदा घातला, दुसऱ्यांदा आला. मग त्याने टेबलापाशी जाऊन रजिस्टरात लिहिलं, ‘सुरू केली. उत्तम चालते.’ लिहिताना हात थरथरला. पुढच्या गुरुवारी कमी थरथरला. दहाव्या गुरुवारी तर त्याने ‘उत्तम’खाली नक्षीदार रेघसुद्धा ओढली. असे चौतीस गुरुवार गेले.

चौतिसाव्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला. बाईंची लेक बोलत होती.

“मी आजच आले. उद्या अकराला आईला घेऊन येते, गाडी न्यायला. तुमच्या पत्रांची प्रत मलाही येते ना, किती छान सांभाळता हो तुम्ही! उद्या आई स्वतः गाडी चालवून मला गावभर फिरवणार आहे.”

“हो,” ससोबा म्हणाला.

तो गाडीपाशी गेला. मान दुसरीकडे वळवून त्याने खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. टुक् नाही की टाक् नाही. पुन्हा फिरवली, तरी गाडी ढिम्म. शेवटी देवाचं नाव घेऊन त्याने बॉनेट उघडलं. जिथे बॅटरी असायला हवी तिथे एक चौकोनी रिकामी जागा होती आणि दोन वायरी अधांतरी लोंबत होत्या. ससोबा तिथेच खाली बसला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको भाजी चिरत होती. ती चिरता चिरताच ऐकत होती.

“मग सांगून टाका ना, चोरी झाली म्हणून.”

“कधी झाली म्हणून सांगू?”

“मला काय माहीत? सहा महिन्यांपूर्वी झाली म्हणा.”

“पण कालच लिहिलंय ना मी, सुरू केली म्हणून! म्हणजे चोरी कालच्यानंतरची. आणि कालपासून शेडची किल्ली माझ्याच खिशात आहे.”

बायकोची सुरी थांबली. “अहो, म्हणजे रजिस्टर खरं धरलं तर तुम्ही चोर.”

“आणि खोटं धरलं तर खोटारडा.”

“काय व्हायचंय ते आज ठरवा एकदाचं,” ती म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने सुरी बाजूला ठेवली. “नोकरी जाईल का हो?”

त्या रात्री तो जेवला नाही. पाचवी नोकरी आपल्याला कोण देणार, याचाच तो पहाटेपर्यंत विचार करत होता.

शनिवारी सकाळी नऊला त्याने चिटणिसांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यापुढे सगळं ओकून टाकलं. चिटणीस आधी संतापले, मग रजिस्टर उघडून त्यांनी स्वतःच्या तेहतीस सह्या पाहिल्या आणि पांढरेफटक पडले.

“अहो, मी समक्ष पाहिलंय म्हणून लिहिलंय इथे!”

“पण साहेब, तुम्ही गुरुवारी येतच नाही.”

“ते कुठे लिहिलंय का?” चिटणिसांनी घाबऱ्याघुबऱ्या पानं उलटली. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी रुमालाने मान पुसली. “आपल्याकडे काय आहे हो? नुसता विश्वास. तो गेला की उद्या चाळीस मालक दारात उभे राहतील. ती तिकडे जहाजावरच्या इंजिनिअरची गाडी आहे ना? तो तर चार महिने येत नाही. त्याची बॅटरी आणा.”

“साहेब, ही मात्र खरी चोरी झाली.”

“ही उसनवारी. दहा नंबरचा पाना घ्या.”

दोघांनी मिळून बॅटरी काढली, उचलली, दोनदा पायावर पाडता पाडता सावरली आणि निळ्या गाडीत ठेवली. ससोबाला ते वजन कुठेतरी ओळखीचं वाटलं, पण भीतीमुळे त्याचं डोकं चालत नव्हतं. चिटणिसांनी दुसऱ्या वायरीचा स्क्रू आवळला मात्र, गाडी किंचाळायला लागली. चोरांसाठी बसवलेला भोंगा होता तो. आठ महिने मुका राहिलेला, आता सगळा राग एकदम काढत होता. दिवे लुकलुकू लागले. चिटणिसांनी किल्लीवरची बटणं दाबली, बॉनेट आपटलं, पुन्हा उघडलं, शेवटी गाडीची हात जोडून विनवणीही केली. भोंगा थांबेना.

“बंद करा हो ते कुणीतरी!”

दारात बाई उभ्या होत्या. एकट्याच, आणि दहाच वाजले होते. ससोबाला जे दिसलं त्यावर त्याचा विश्वास बसेना. बाईंनी दाराजवळचा खांब दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यांचे ओठ थरथरत होते. आयुष्यात कधी बाई कुणाला ‘हो’ म्हणून विनवत असल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

चिटणिसांनी हिसका देऊन वायर उपटली. शेडमध्ये शांतता पसरली. बाई एकेक पाऊल टाकत पुढे आल्या आणि त्यांनी बॉनेटमध्ये बोट दाखवलं.

“ही... ही कुठून आली?”

“कोण, बाई?”

“ही बॅटरी!”

“तुमच्याच गाडीची आहे बाई,” चिटणीस म्हणाले. “उत्तम स्थितीत.”

“माझी माझ्या पलंगाखाली आहे!”

ससोबाचा खांदा एकदम दुखायला लागला. जड विषय काय होता, ते त्याला आठ महिन्यांनी कळलं.

बाई चिटणिसांच्या चेपलेल्या खुर्चीवर बसल्या. “दर महिन्याला तुमचं पत्र. उत्तम चालते! अरे, जन्मभर विज्ञान शिकवलं मी. बॅटरी पलंगाखाली आणि गाडी उत्तम चालते? पहिल्या पत्राला वाटलं, नजरचूक असेल. चौथं पत्र आलं आणि मी पलंगावर झोपणं सोडलं.”

“मग विचारलं का नाही, बाई?”

“विचारलं असतं तर ती का काढली ते सांगावं लागलं असतं.” बाईंचा आवाज खाली गेला. “गाडी मिळाली त्याच आठवड्यात वळणावर मी ब्रेक समजून भलतंच दाबलं. समोर एक लहान मुलगी होती. ती बाजूला झाली म्हणून बरं. तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की हात कापतात माझे. गुडघ्यांना काही झालेलं नाही. पण लेकीला कसं सांगू? ती सगळ्या जगाला सांगत फिरते, माझी आई कशालाच भीत नाही.”

चिटणिसांचा चेहरा उजळला. “म्हणजे चोरी झालीच नाही! मग सोपं आहे. बिघाड म्हणून नोंद करू. खोलातला बिघाड, दुरुस्तीला सहा महिने. मी सही करतो.”

बाईंनी ससोबाकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, आर्जव होतं, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली. “लिही,” त्या म्हणाल्या.

इंजिनिअरची बॅटरी परत जागेवर गेली, ससोबाने पेन उघडलं, आणि तेवढ्यात लेक आली. तिच्या हातात मंडळाच्या आठही पत्रांचा गठ्ठा होता.

“आई, तू आधीच आलीस होय! चल, बस पुढे.”

“त्याचं काय आहे ताई,” चिटणीस म्हणाले, “गाडीत जरा बिघाड आहे.”

“पण पत्रांत तर सगळीकडे ‘उत्तम’ आहे!” ती हसली. “काही हरकत नाही. माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे, अर्ध्या तासात येईल. आज आईने चालवल्याशिवाय मी हलणार नाही.”

सगळ्यांनी ससोबाकडे पाहिलं. पस्तिसावं खोटं त्याच्या जिभेवर तयार होतं. पण मेकॅनिक येणार, गाडी सुरू होणार, बाई थरथरत्या हातांनी स्टिअरिंग धरणार आणि पुढच्या वळणावरची मुलगी बाजूला होईलच असं नाही, हे सगळं त्याला डोळ्यांपुढे दिसलं. त्याला इतकी भीती आजवर कशाचीच वाटली नव्हती, पट्टीचीसुद्धा नाही.

“ताई, गाडी चालेल,” तो म्हणाला. “बाईंना नाही जमणार. त्यांना भीती वाटते. मलाही वाटते. मी ही गाडी एकदाही सुरू केली नाही. चौतीस वेळा खोटं लिहिलं.”

चिटणिसांनी डोळे मिटून घेतले. लेकीने आईकडे पाहिलं.

“खरं, आई?”

बाईंनी गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी मान खाली घातली. “तूच म्हणतेस ना, आई कशालाच भीत नाही.”

“अगं, मला सगळ्याची भीती वाटते म्हणून म्हणते मी तसं,” लेक म्हणाली. “घरात एक तरी न भिणारं माणूस असावं, एवढंच.” तिने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग बाईंनी डोळे पुसले आणि त्यांचा जुना आवाज परत आला.

“ससोबा, पट्टी आण.”

त्याने खिडकीतून हात घातला आणि पट्टी आणून दिली.

“हात पुढे कर.”

शेहेचाळीस वर्षांचा माणूस डोळे मिटून, हात पुढे करून उभा राहिला. पट्टी तळहाताला जेमतेम टेकली.

“ही चौतीस नोंदींबद्दल,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या त्याच दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. “आणि शाबास.”

नोकरी गेली नाही. ससोबाला काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि त्या कारणाखाली चिटणिसांच्या तेहतीस सह्या होत्या. घरी बायकोने विचारलं, “काय ठरलं शेवटी, चोर की खोटारडा?” त्याने नुसता तळहात पुढे केला आणि तो इतका हसत होता, की तिला काही कळेना.

बाईंनी विकायला काढलेली निळी गाडी गिऱ्हाईक मिळेपर्यंत शेडमध्येच राहिली. पुढच्या गुरुवारी ससोबाने रजिस्टर उघडलं आणि हात न थरथरता लिहिलं, ‘बाईंची गाडी : बॅटरी नाही. सुरू केली नाही.’

मंगळवारी चिटणीस आले, घाईघाईने पान उलटलं आणि खाली सही केली, ‘समक्ष पाहिले. उत्तम चालते.’