शेखर ढोमणे यांचा एकमेव गोल

“सत्कार? माझा? काहून?” शेखरने विचारलं. त्याच्या उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती, डाव्यावर गरम पाण्याची, आणि मधल्या माणसाला फक्त झोपायचं होतं.

“तुझा नाही तं काय माझा करतीन?” श्यामराव म्हणाले. “चौदा वर्षं देशभर फुटबॉल खेळून आला तू. मंडळाच्या लोकायले अभिमान वाटते ना बापा!”

श्यामराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. चौबे कॉलोनीत त्यांचं घर, आणि शंकर नगरच्या स्नेहवर्धिनी मराठी मंडळाचे ते उपाध्यक्ष. मुलगा व्यावसायिक फुटबॉल खेळतो, हे त्यांनी रायपूरमध्ये कुणालाही सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. पण तो नेमकं काय करतो, ते त्यांना चौदा वर्षांत कळलं नव्हतं. शेखर डिफेंडर होता. दर वर्षी ते फोनवर विचारायचे, “औंदा किती गोल केले?” तो म्हणायचा, “एकही नाही, बाबा.” मग पुढचा प्रश्न, “मंग पगार कायचा देऊन राहिले ते?”

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. डिफेंडरने काम चोख केलं, तर मैदानावर काहीच घडत नाही. जे घडलंच नाही, त्याचा फोटो कोण काढणार? चौदा वर्षांत शेखर अकरा गावांमधल्या अकरा संघांकडून असंच काहीही न घडवता खेळला. कुठे संघ बंद पडला, कुठे कोच बदलला, कुठे गुडघा गेला. बायको ज्योती आणि मुलगी पिंकी त्याच्याबरोबर फिरल्या. पिंकी नऊ वर्षांची, आणि बदलून बदलून शाळा ही पाचवी. ‘मला तुमची भाषा येत नाही’ एवढं एक वाक्य तिला चार भाषांत अस्खलित येत होतं. घरात मराठी तिला सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीत.

छत्तिसाव्या वर्षी तो रायपूरला परतला, तेव्हा स्टेशनवरच ज्योतीने सांगितलं होतं, “हे शेवटचं सामान. आता मी कुठं यायची नाही. तुमची बदली झाली तं तुम्ही जा, मी आणि पिंकी इथंच राहू.”

त्यालाही दुसरं काही नको होतं. शहरातल्या एका मोठ्या शाळेला फुटबॉल कोच हवा होता. त्याने अर्ज दिला, त्याला महिना झाला, शाळेकडून हूं नाही की चूं नाही.

“सत्काराले पाहुणी कोण येऊन राहिली, ठाऊक आहे?” मंडळाचे चिटणीस नरेश संध्याकाळी घरी येऊन म्हणाले. “त्याच शाळेच्या संचालिका, शर्मिष्ठा सेन मॅडम! म्या स्वतः जाऊन बोलावलं. आता झोपतो म्हणशीन काय बे?”

ज्योती स्वयंपाकघरातून ओला हात घेऊन बाहेर आली. “जातीन ना ते. काहून नाही जाणार?”

“पण एक सांगतो,” नरेश खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “मॅडमले टिकणारा माणूस पाहिजे. मागचे तीन कोच वर्षाच्या आतच पळून गेले. तेव्हा ते अकरा गावांचं अजिबात काढायचं नाही. रायपूरचा पोट्टा, रायपूरले परतला, बस. समजलं ना, श्यामराव?”

“हव, समजलं,” श्यामराव म्हणाले. त्यांचं तोंड जरा उतरलं, कारण अकराही गावं त्यांना क्रमाने पाठ होती.

रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या आणि चाळीस माणसं होती. मे महिना. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि आत दोन कूलर, त्यातला एक नुसताच आवाज करणारा. स्टेजवर भलंमोठं फ्लेक्स. खेळतानाचा शेखरचा धड फोटो नरेशना मिळाला नव्हता, म्हणून लग्नातला लावला होता. ज्योतीला कापून टाकलं होतं, पण तिचा मेंदीचा हात त्याच्या दंडावर राहून गेला होता. खाली लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’.

“मी कधी देशाबाहेर खेळलो नाही, नरेशकाका.”

“शिलाँगले होता ना तू? बॉर्डरच आहे ते. गप बस.”

मग शाल आली. लोकरीची, जाड, लाल. मे महिन्यात रायपुरात लोकरीची शाल पांघरणं ही शिक्षा आहे, पण ती काढून ठेवणं हा मंडळाचा अपमान. शेखर नारळ मांडीवर धरून घाम गाळत बसला. शेजारी शर्मिष्ठा मॅडम. साठीच्या, कॉटनची साडी, मूळच्या कोलकात्याच्या. कोलकात्याच्या म्हणजे फुटबॉल नक्की कळणार, असं शेखरच्या मनात आलं.

“आता आपण सत्कारमूर्तींचा खेळ प्रत्यक्ष बघू या!” नरेशनी माइकवर जाहीर केलं. “इंटरनेटवर लय शोधलं, एकच व्हिडिओ सापडला. पण काय व्हिडिओ आहे! केरळचा आहे. भाषा आपल्याले समजत नाही, पण तो कॉमेंट्रीवाला कसा आरडून राहिला, ते ऐका फक्त!”

पडद्यावर हिरवं मैदान आलं, खाली मल्याळी अक्षरं, आणि पहिला आवाज कानावर पडताच शेखरचं अंग शालीच्या आत गार पडलं. तो सामना त्याला कसा विसरता येईल! डावीकडून बॉल आला. पडद्यावरच्या शेखरने तो बाहेर काढायला पाय लांब केला. बॉल पायाला लागून वळला आणि थेट आपल्याच जाळीत गेला. आपला गोली मटकन खाली बसला. कॉमेंट्रीवाला जिवाच्या आकांताने ओरडत होता.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

“गोल! गोल केला पोट्ट्यानं!” श्यामराव उभे राहिले. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. “मले म्हणे एकही नाही केला! लाजाळू आहे लहानपणापासून!”

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून शांताकाकू ओरडल्या, “वन्स मोअर!”

शांताकाकू मंडळात नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना येणाऱ्या. आवडलं की वन्स मोअर द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. चाळीस माणसांनी ती मागणी उचलून धरली. नरेशनी व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी तरी बॉल बाहेर जाईल, असं शेखरला उगाच वाटलं. गेला नाही. टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या.

टाळ्या न वाजवणारी माणसं हॉलमध्ये दोनच होती. एक तिसऱ्या रांगेतली ज्योती. दुसऱ्या शर्मिष्ठा मॅडम.

“सेल्फ गोल है ना?” मॅडमनी पडद्यावरची नजर न काढता हळूच विचारलं.

“जी, मैडम.”

“तो दोबारा क्यों दिखा रहे हैं?”

“पब्लिक डिमांड है, मैडम.”

आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलायचे होते. शेखर उठला, दोन्ही गुडघे वाजले, माइकमध्ये ऐकूही आले. गोड बोलून निभावता आलं असतं. पण मॅडमना सगळं कळलेलं होतं, आणि खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो त्याच्याकडे उरला नव्हता.

“तो गोल मी आपल्याच संघावर केला होता,” तो म्हणाला. “आम्ही हरलो त्या दिवशी. माझ्या आयुष्यातला तो एकच गोल आहे. बाकी वेळ दुसऱ्याचे गोल होऊ न देणं, एवढंच माझं काम होतं. ते कुठं दिसत नाही. धन्यवाद.”

चालू कूलरसुद्धा थांबल्यासारखा वाटला. नरेश घाम पुसू लागले. “म्हणजे ते... नम्रता आहे बरं का...” ते पुटपुटले, पण कुणी ऐकलं नाही. आणि त्याच वेळी श्यामराव तरातरा स्टेजवर चढले. मुलाचा असा भर सभेत झालेला पचका त्यांच्याने बघवेना. त्यांनी नरेशच्या हातातून माइक घेतला.

“असंल सेल्फ गोल! कोणाच्या हातून चूक होत नाही? पण ऐका. मडगाव, कोलकाता, शिलाँग, ऐझॉल, लुधियाना...”

“बाबा, नको,” शेखरने त्यांचा सदरा ओढला.

“सोड बे! कोझिकोड, बंगळूर, इंफाळ, दिल्ली, श्रीनगर, पुणे! अकरा! अकरा गावच्या लोकायनं माह्या पोट्ट्याले बोलावून नेलं. खराब राहता तं काय अकरा जण बोलावते?”

तिसऱ्या रांगेत ज्योतीने कपाळावर हात मारला. पिंकीने विचारलं, “मम्मी, दादाजी ने गड़बड़ कर दी क्या?” शर्मिष्ठा मॅडमनी पर्समधून डायरी काढली आणि काहीतरी लिहून घेतलं. नोकरी गेली, हे शेखरला स्वच्छ दिसलं. वाईट एवढंच वाटलं, की बाबांकडे बघून रागावताही येत नव्हतं. म्हातारा एकही गाव चुकला नव्हता.

मॅडम भाषणाला उठल्या. “मैंने चौदह साल का खेल नहीं देखा,” त्या म्हणाल्या. “पर ये आदमी अपनी गलती माइक पर बोल सकता है. बच्चों को यही सिखाना है.” मग शेखरकडे वळून, “शेखरजी, आप हमारे कोच हैं. नौकरी परमानेंट है, साथ में क्वार्टर भी.”

हॉल दणाणला. श्यामरावांनी नरेशना मिठी मारली. ज्योती डोळे पुसू लागली. शेखरने शालीच्या टोकाने तोंड पुसलं, खरं तर ते लपवायलाच. चौदा वर्षांत ‘परमानेंट’ हा शब्द त्याला कुणी ऐकवला नव्हता.

“एक ही दिक्कत थी,” मॅडम टाळ्या ओसरल्यावर पुढे म्हणाल्या. “जगह हमारी अंबिकापुर ब्रांच में है. तीन कोच भेजे, तीनों भाग आए. रायपुर का आदमी रायपुर छोड़ता ही नहीं! पर जिसने ग्यारह शहर में घर बसाया, उसके लिए अंबिकापुर क्या है?”

अंबिकापूर म्हणजे रायपूरहून रात्रभराचा प्रवास. टाळ्या परत पडल्या. थांबवणार कोण?

हॉल रिकामा झाल्यावर चौघं बाहेर पायरीवर बसले. रस्ता अजून तापलेलाच होता.

“मीच घोटाळा केला,” श्यामराव म्हणाले. “गप बसलो असतो तं तू इथं राहिला असता. म्हातारपणी पोट्टा जवळ राहीन म्हणून किती वाट पाहिली होती म्या.”

“असू द्या, बाबा. अकराच्या अकरा गावं मलेही अशी धडाधड सांगता नसती आली.”

श्यामरावांनी नाक शिंकरलं. “मंग मीबी येतो तुमच्यासंगं. क्वार्टर आहे म्हणते ना ते बाई?”

शेखरने ज्योतीकडे बघायचं टाळलं. स्टेशनवरचं तिचं बोलणं त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. ज्योती समोरच्या बंद दुकानाकडे बघत होती, ओठ आवळून. आता ही नाही म्हणणार, आणि तिचं चुकणारही नाही, असं त्याला वाटलं.

“का बे शेखर,” श्यामरावांनी काळजीने विचारलं, “तिथं आपलं मराठी मंडळ असंल का?”

“नसंल, बाबा. नाही वाटत.”

ज्योती उठली, साडी झटकली आणि पिंकीचा हात धरला.

“मंडळ नाही ना तिथं? मंग चला,” ती म्हणाली.